खजूर, बेकन आणि आईची माळ

डिसेंबर उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. शार्लटहून मेव्हणा, अटलांटाहून चुलतभाऊ, शिवाय इथलेच दोन-तीन पुतणे-भाचे. थंडी, नोकरी, पोरांच्या शाळा असं इकडचं तिकडचं बोलून झालं की गाडी मुद्द्यावर येते. "आणि काका, ते तुमचं खजुराचं करणार आहात ना?"

"खजुराचं" म्हणजे काय ते सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. बी काढलेला खजूर, बीच्या जागी एक बदाम, वरून बेकनची अर्धी पट्टी गुंडाळलेली, आणि ओव्हनमध्ये कुरकुरीत होत आलं की वर गूळ-तिखटाचा हात. पण गेली पंधरा-सोळा वर्षं आमच्या गोतावळ्यात त्याचं नाव "खजुराचं" एवढंच आहे. बेकन हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. भारतातून कोणी मावशी-आत्या आलेल्या असल्या तर अजिबातच नाही. गेल्या वर्षी एकदम लक्षात आलं की हे नाव मीच पाडलंय. आणि का पाडलंय तेही आठवलं. तेव्हापासून ते खुपतंय, म्हणून हे लिहायला बसलो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना वाद घालायला भरपूर वेळ मिळेल. घरच्या पार्टीत बेकनचे गोड-खारट पदार्थ जरूर करावेत, जीव ओतून करावेत. पण लपवून करू नयेत. ताटातही नाही आणि नावातही नाही.

आधी पदार्थाचंच बोलू, कारण निम्मी मंडळी त्यासाठीच आली असणार. :-)

मी हे शिकलो ते शेजारच्या एका आजीबाईंकडून. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात नवीन होतो. ख्रिसमसच्या आधी त्यांनी घरी बोलावलं आणि दारातच एक बशी पुढे केली. टूथपिक टोचलेले छोटे छोटे तपकिरी घास. त्याला म्हणतात रुमाकी. कोंबडीची कलेजी आणि वॉटर चेस्टनटचा तुकडा सोया सॉस-आल्यात मुरवायचा, बेकनमध्ये गुंडाळायचा आणि भाजायचा. नाव ऐकून जपानी वाटतं, पण पदार्थ चक्क अमेरिकन आहे. १९३० आणि ४० च्या दशकांत कॅलिफोर्नियात "टिकी" नावाची खोटी-खोटी दक्षिण समुद्री बेटं उभी करणारी हॉटेलं निघाली, तिथून हा निघाला आणि युद्धानंतर घरोघरच्या कॉकटेल पार्ट्यांत जाऊन बसला. आजीबाईंच्या लग्नाच्या काळातली ती फॅशन. कलेजी सगळ्यांना आवडत नाही म्हणून त्या निम्मे घास नुसत्या वॉटर चेस्टनटचे करायच्या.

ह्या वॉटर चेस्टनटवरून आमच्याकडे एक गंमत झाली होती. बायकोने डिक्शनरीत बघितलं, "शिंगाडा". डबा फडताळात ठेवला आणि एकादशीला मस्तपैकी उघडला! नंतर कळलं की दोन्ही पाण्यातले असले तरी एकमेकांचे कोणी लागत नाहीत. आपला शिंगाडा हे पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचं शिंगवालं फळ. डब्यातलं चिनी वॉटर चेस्टनट म्हणजे चिखलात वाढणाऱ्या एका लव्हाळ्याचा कंद. उपास मोडला की नाही ह्यावर घरात अजून एकमत नाही.

रुमाकीवरून मी खजुरावर आलो. हा प्रकार तर आणखी जुना. इंग्लंडात व्हिक्टोरियन काळात जेवणाच्या अगदी शेवटी, गोडानंतर, एक खारट घास द्यायची पद्धत होती. बेकनमध्ये गुंडाळलेलं कालव असेल तर त्याला "घोड्यावरचे देवदूत" म्हणायचे आणि आत सुकं आलुबुखार किंवा खजूर असेल तर "घोड्यावरचे सैतान". गंमत बघा, ज्याच्यात गोड आहे तो सैतान!

अमेरिकेतला मेजूल खजूर ह्या पदार्थासाठीच जन्माला आलाय असं माझं ठाम मत आहे. मोठा, गरदार, पातळ सालीचा. मूळचा मोरोक्कोचा. १९२७ साली तिथून त्याची अकरा रोपं अमेरिकेत आणली. आज कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात मैलोन्‌मैल त्याच्या बागा आहेत.

गोड आणि खारट एकत्र म्हटलं की आपल्याकडचे काही लोक तोंड वाकडं करतात. मला त्याचं नवल वाटतं. पुरणपोळीच्या शेजारी कटाची आमटी कशाला लागते मग? आमटीत चिंचेबरोबर गूळ का घालतो? माझी आई पुरणात चिमूटभर मीठ घालायचीच. "मिठाशिवाय गोडाला चव नाही" असं म्हणायची. त्यामागे शास्त्रही आहे. मीठ कडवटपणा दाबतं, आणि तो दबला की गोडी उठून लागते. बेकनमध्ये मिठाबरोबर धूर आहे, चरबी आहे, मांसाचा स्वतःचा रस आहे. भाजताना मांसातली प्रथिनं आणि साखरेचे अंश एकमेकांत मिसळून तो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. माय्यार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया मांडली. आपल्या खरपूस भाकरीला जो वास येतो तोही ह्याच घराण्यातला.

आता कृती. वीस माणसं आणि पुढे जेवण असेल तर माणशी चार घास धरावेत, म्हणजे ऐंशी. साध्या जाडीच्या बेकनच्या एका पौंडात सोळा ते वीस पट्ट्या येतात. अर्धी-अर्धी करून चाळीस पट्ट्या लागतील, म्हणजे दोन ते अडीच पौंड. जाड कापाचं बेकन घेऊ नका. ते बाहेरून करपतं आणि आतल्या वळणात कच्चं, पांढरं, रबरासारखं राहतं. मी पहिल्या वर्षी हौसेने महागातलं जाड आणलं होतं आणि ऐंशीच्या ऐंशी घास परत उलगडून भाजले होते, पाहुणे दारात उभे असताना!

ओव्हन ४०० डिग्री फॅरनहाइट (साधारण २०० सेल्सिअस). ट्रेला फॉइल, त्यावर तारेची जाळी, म्हणजे सुटलेली चरबी खाली गळते आणि खजूर तिच्यात पोहत नाही. पट्टीचं टोक खालच्या बाजूला ठेवलं तर टूथपिकही लागत नाही, वजनानेच चिकटून बसतं. वीस-पंचवीस मिनिटं, मधे एकदा उलटायचं. गूळ शेवटची सात-आठ मिनिटं राहिली की लावायचा, आधी लावला तर जळून कडू होतो. इथले लोक ब्राऊन शुगर लावतात. ती म्हणजे साखरेला काकवीसारख्या मळीचा हात लावलेली असते, आपल्या गुळाची चुलत बहीणच. मी गूळ किसून त्यात मिरपूड आणि चिमूटभर कांदा-लसूण मसाला घालतो. (साताऱ्याचा माणूस आहे, इलाज नाही!)

खाली जमलेली चरबी सिंकमध्ये ओतू नका. थंड झाली की ती पाइपात दगड होते. ह्या धड्याचे प्लंबरला पैसे मोजले आहेत. आणि ट्रे टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, त्यानंतर राहिलेलं फ्रिजमध्ये किंवा कचऱ्यात.

झाली कृती. आता खुपणारी गोष्ट.

आम्ही राहतो त्या भागात डुक्कर हा निव्वळ खाण्याचा प्रकार नाही, ती संस्कृती आहे. नॉर्थ कॅरोलायना डुकरांच्या पैदाशीत देशातल्या अगदी वरच्या राज्यांपैकी. इथल्या दोन भागांत बार्बेक्यूच्या सॉसमध्ये टोमॅटो असावा की नसावा ह्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं आहेत. आणि भाज्या? इथे घेवड्याच्या शेंगा म्हणजे ग्रीन बीन्स तास-तासभर शिजवतात, बेकन किंवा खारवलेलं डुकराचं हाड घालून. पालेभाजीतही तेच. करणाऱ्याच्या मनात लपवाछपवी अजिबात नसते. आपण फोडणीला तेल घातलं हे जसं कोणाला सांगत नाही तसं. त्यांच्या लेखी ती भाजीच असते.

२००६ च्या उन्हाळ्यात माझी आई आमच्याकडे आली होती. आई माळकरी. तिच्या वडिलांनी लहानपणी तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, ती शेवटपर्यंत. ओळखीतल्या एका घरी मुलाच्या ग्रॅज्युएशनची पार्टी होती. टेबलावर बार्बेक्यू, कोंबडी वगैरे होतंच. मी आईला म्हटलं, "ते बाजूचं भाज्यांचं आहे ते घे." तिने मक्याचं कणीस, बटाटे आणि शेंगांची भाजी घेतली. भाजी आवडली. परत घेतली. "मऊ शिजवलीय अगदी, आपल्यासारखी. कशाची फोडणी असेल रे?"

मी तिच्या ताटातून एक शेंग उचलून तोंडात टाकली आणि तिथेच कळलं. तो धुराचा वास. दुसऱ्या घासाला गुलाबी तुकडाही दिसला, नखाएवढा.

मी म्हणालो, "इकडचा काहीतरी मसाला असेल."

बास. एवढंच. वीस वर्षं होत आली ह्या वाक्याला.

त्या क्षणी मी स्वतःची समजूत घातली की तिला कशाला दुखवायचं, तिने काही जाणूनबुजून खाल्लेलं नाही, पाप कसलं आलंय त्यात. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. यजमानांसमोर प्रसंग नको, हेही होतं. तिला बाहेर नेऊन समजावत बसायचा कंटाळाही होता. सगळ्यात मोठं म्हणजे ताट वाढण्याआधी विचारायचं काम माझं होतं. त्या बाईंना विचारलं असतं तर त्यांनी एका सेकंदात सांगितलं असतं. मी "भाज्यांचं आहे" असं म्हणून मोकळा झालो होतो.

आमच्या गावाकडे माळकऱ्याकडून असं काही घडलं तर पुन्हा माळ घालून घ्यायची रीत आहे. महाराजांकडे जायचं, झालं ते सांगायचं, माळ नव्याने घ्यायची. म्हणजे वाट होती. तिने ती धरली असती की हसून सोडून दिलं असतं, मला माहीत नाही. पण ठरवायचं तिने होतं. माळ तिची होती. मी परस्पर ठरवून टाकलं.

त्यानंतर आई सहा आठवडे इथे होती. ज्या ज्या घरी गेलो तिथे ती निघण्याआधी घरीच भाकरी नाहीतर दहीभात खाऊन घ्यायची. "पोट भरलंय बाई, तुम्ही घ्या." मी समजायचो, परकं अन्न मानवत नसेल. तिला कळलं होतं का? कधी विचारायचा धीर झाला नाही. २०१४ मध्ये आई गेली.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) ह्या सगळ्याचा धडा मी असा घेतला की बेकन हा शब्दच घरातून काढून टाकला. खजुराचं करायला लागलो आणि नाव ठेवलं "खजुराचं". म्हणजे ज्या कारणाने फसलो तेच परत करत बसलो.

खरं तर धडा आमच्याच घरात होता. सातारा जिल्ह्यातलं आमचं घर मटण खाणारं, आई सोडून. जत्रेच्या दिवशी परसात तीन दगडांची चूल मांडायचे. मटणाचं जर्मनचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, ती भांडी स्वयंपाकघरात यायची नाहीत. रटरटायचं ते चुलत्यांच्या ताब्यात. आणि त्याचं वाटण? ते आई करायची! कांदा-खोबरं भाजून पाट्यावर मऊसूत वाटून द्यायची. चव बघायची नाही, पण लांबून वासावर सांगायची, "मसाला अजून कच्चा आहे रे, चढू दे जरा." मग आत जाऊन स्वतःचं पिठलं-भाकरी घ्यायची आणि ओट्यावर सगळ्यांच्या गप्पांत येऊन बसायची. तिने कधी नाक मुरडलं नाही आणि तिच्या पिठल्यात कोणी रस्सा ओतला नाही. कुठल्या पातेल्यात काय आहे हे लहान पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळेच एका अंगणात दोन्ही निभायचं.

म्हणून मला दोन टोकाच्या लोकांशी भांडायचं आहे.

एक टोक म्हणजे, "आपल्या माणसांत कशाला ते? एक दिवस नाही खाल्लं तर काय मरतो?" असं म्हणणारे. अहो, पण आता "आपली माणसं" म्हणजे कोण? पुतण्याची बायको इथली. तिची आई-आजी आमच्या दिवाळीला येतात, आग्रहाने चकली खातात, श्रीखंड मागून घेतात. त्यांच्या घरी ख्रिसमसला जे होतं त्यातलं एक आमच्या टेबलावर असावं, आणि ते बाजारातलं गोठवलेलं आणून न ठेवता घरी केलेलं असावं, एवढा मान त्यांचा नाही का? आपल्याकडे विहीणबाईंच्या आवडीचं केल्याशिवाय जेवणावळ पुरी होत नाही. तोच नियम इथे.

ह्यात एक जास्त अवघड मुद्दा आहे, तो टाळून पुढे जाणं बरं नाही. आमच्यासारख्या मटण खाणाऱ्या घरांतही डुकराचं मांस चालत नसे. गावात जे खात त्यांच्याकडे बघून आम्ही काय बोलायचो ते आज लिहायची लाज वाटते. ते सगळं अन्नाबद्दल नव्हतंच, जातीबद्दल होतं. शाहू पाटोळे यांचं "अन्न हे अपूर्णब्रह्म" (२०१५) वाचताना हे पानोपानी टोचत राहतं. तीच आम्ही माणसं इथे येऊन ब्रंचला बेकन मागवतो आणि त्याचं इंग्रजी नाव घेतलं की ते एकदम वरच्या वर्गातलं होतं! वसईचे ख्रिस्ती, गोव्याचे ख्रिस्ती लोक सणाला सोरपोतेल करतात ते उजळ माथ्याने करतात, आणि ते आपलंच मराठी-कोकणी स्वयंपाकघर आहे. तेव्हा "हे आपल्यात नसतं" म्हणताना आपल्यात म्हणजे कोणात, हे जरा स्वतःला विचारावं. "बेकन म्हणजे काय?" असं कोणी विचारलं तर मी आता सरळ सांगतो. डुकराच्या पोटाकडचं मांस, मीठ लावून, धुरी देऊन टिकवलेलं.

दुसरं टोक म्हणजे, "बेकन घातलं की काहीही चांगलं लागतं" म्हणत सगळ्यात घालणारे. सॅलडवर चुरा, सूपमध्ये तुकडे, मक्याच्या ब्रेडला चरबी. ह्या उत्साहामागे बाजारही आहे बरं का. अमेरिकन न्याहारीत बेकन-अंडी एवढी घट्ट बसली त्यात १९२० च्या दशकातल्या एका जाहिरात मोहिमेचा मोठा हात होता. एडवर्ड बर्नेझ ह्या प्रसिद्धीच्या गुरूने बीच-नट कंपनीसाठी हजारो डॉक्टरांची मतं मागवली आणि "डॉक्टर म्हणतात भरपेट न्याहारी करा" असं छापून आणलं. तेव्हा प्रेम असावं, पण ते सगळंच आपलं स्वतःचं आहे अशा भ्रमात राहू नये.

आणि तब्येतीचंही एक वाक्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्यांच्या यादीत टाकलं. रोज ५० ग्रॅम खाण्यामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा हिशोब. शिजलेली एक पट्टी आठ-दहा ग्रॅमची असते, म्हणजे वर्षातून दोन पार्ट्यांत चार-चार घास खाणाऱ्याने झोप उडवून घेऊ नये. रोज सकाळी खाणाऱ्याने जरूर विचार करावा. आणि पाकिटावर "अनक्युअर्ड" लिहिलेलं बघून फसू नये, त्यात बहुधा सेलरीच्या पुडीतून आलेलं नायट्राइट असतंच. इथेही लपवाछपवी!

माझ्या मते म्हणूनच घरच्या पार्टीला खजूर-बेकनसारखा गुंडाळलेला घास सगळ्यात उत्तम. बेकन बाहेर आहे, डोळ्याला दिसतंय, भाजीच्या बुडाशी दडलेलं नाही. ज्याला हवं तो उचलेल, ज्याला नको तो पुढे जाईल. एकेक घास मोजून खाल्ला जातो. प्रामाणिक पदार्थ आहे तो. बेइमानी करत होतो तो मी, नाव बदलून.

ह्या वर्षी काय केलं ते सांगतो. आधी शाकाहारी ट्रे भाजून घेतला. तसेच खजूर, आत बदाम आणि पनीरचा तुकडा, वरून तूप, गूळ आणि धुरी दिलेल्या मिरचीची पूड. तो आधीच भाजायचा, कारण एकाच वेळी ओव्हनमध्ये ठेवले तर बेकनची चरबी उडते. वेगळा ट्रे, वेगळा चिमटा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. भाच्याचा एक मित्र मुसलमान आहे, त्याचीही सोय त्यातच झाली. दोन्ही ट्रेंपुढे बायकोने जाड कागदाच्या चिठ्ठ्या उभ्या केल्या, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. एकीवर "खजूर, बदाम, पनीर". दुसरीवर "खजूर आणि बेकन (डुकराचं मांस)".

लिहिताना बायकोने विचारलं, "कंस हवाच का?"

म्हटलं, "हवाच."

बायकोची मावशी आली होती नाशिकहून, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, शुद्ध शाकाहारी. मी जरा धास्तीतच होतो. तिने चष्मा लावून दोन्ही चिठ्ठ्या सावकाश वाचल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अस्सं. म्हणजे ते खजुराचं खजुराचं म्हणायचात ते हे होय!" मी मान डोलावली. ती म्हणाली, "बरं झालं लिहिलंस. मागच्या खेपेला मी काहीच खाल्लं नव्हतं, माहितीये ना? काय कशात आहे कळेना, मग म्हटलं पोट भरलंय."

पोट भरलंय. मला एकदम काही सुचेना, म्हणून मी ओव्हनकडे गेलो.

परत आलो तेव्हा मावशी पनीरचे तीन खजूर बशीत घेऊन बेकनच्या ट्रेशेजारीच खुर्ची टाकून बसली होती. पुतण्याच्या बायकोची आजी समोर उभी. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. मावशी हाताने ट्रे दाखवत मराठीत सांगत होती, "घ्या हो, गरम आहे तोवर घ्या. गार झालं की मजा नाही." आणि आजी घेत होती.

असो. ४०० डिग्री, वीस-पंचवीस मिनिटं, मधे एकदा उलटायचं, गूळ शेवटी. आणि चिठ्ठी आठवणीने, कंसासकट.